शब्दचर्चा: 'झाडपाल' नको, मग काय?

रंकाळावेस: 'क्लायंबिंग सॅलमँडर'ला मराठीत 'झाडपाल' चालेल का? कोल्हापुरातल्या पाचवी-सहावीच्या पोरांसाठी मजकूर आहे, शब्द सोपा हवा.

शाहूपुरी: सोपा आहे, पण चुकीचा. पालीला खवले असतात, फुफ्फुसं असतात. ह्याला दोन्ही नाहीत. हा बेडकाच्या गोतातला, उभयचर. श्वास घेतो तो ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी वाळली की गुदमरला. 'पाल' वाचून पोरांना ट्यूबलाइटपाशी किडे टिपणारी पाल आठवणार, आणि तिथं हा टिकणारच नाही. बोटंसुद्धा निराळी. पालीच्या बोटाखाली आडव्या पट्ट्या, त्यांवर अतिबारीक केस. ह्याच्या बोटांची टोकं चपटी, चौकोनी, आत रक्ताची पोकळी. त्यातलं रक्त कमी-जास्त करून तो पकड धरतो आणि सोडवतो.

गगनबावडा: खरा घोळ सापसुरळीशी होतो. लांबट अंग, आखूड पाय, चकचकीत पाठ. फक्त तिची चकाकी कोरड्या खवल्यांची, ह्याची ओलाव्याची.

रंकाळावेस: मग 'वृक्षवासी सॅलमँडर' करू?

शाहूपुरी: ते नाव राखून ठेवा. 'क्लायंबिंग' म्हणतात अख्ख्या अनेइडीस प्रजातीला. 'आर्बोरिअल', म्हणजे 'वृक्षवासी', ही त्यातली एकच जाती, कॅलिफोर्नियात ओकच्या ढोलीत राहणारी लुगुब्रिस. ह्याच प्रजातीतला हिरवा सॅलमँडर तर पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगरांत मुख्यतः कातळाच्या भेगांत असतो. म्हणून प्रजातीच्या नावात 'झाड' वा 'वृक्ष' नकोच. 'आरोही सॅलमँडर' बसतं. गंमत बघा, रेडवुड नावाच्या उंचच उंच झाडांच्या शेंड्याकडे, नेच्यांच्या ओल्या गादीत राहतो तो 'वृक्षवासी' नव्हे, 'भटका', म्हणजे वॅग्रन्स.

गगनबावडा: त्या भटक्याला 'उडता' लिहू नका. 2022 च्या अभ्यासात त्याला उभ्या हवेच्या झोतात सोडलं होतं. पाय फाकून, शेपटी हलवून तो तोल सावरतो, पडण्याचा वेग फार तर दहा टक्क्यांनी कमी करतो. 'तरंगत उतरतो' म्हणा. आणि 'उभयचर पाण्यात अंडी घालतात' हे ठरलेलं वाक्य इथं कापा. अनेइडीसची अंडी ढोलीत, भेगेत; बेडूकमाशाची अवस्थाच नाही, अंड्यातून पायांसकट पिल्लू निघतं.

रंकाळावेस: 'आरोही' पोरांना जड नाही जाणार?

शाहूपुरी: पेटीवर आरोह-अवरोह वाजवतात की! लिंग पुल्लिंगी ठेवा: तो सॅलमँडर, ते सॅलमँडर, सॅलमँडरने. 'सॅलमँडराने' नको.