केइतेले सरोवराच्या चित्रातले करडे पट्टे: नुसता वारा, की आणखी काही?

गंगापूररोडकर विचारतात:

नमस्कार. मागच्या दिवाळीला माझे दीर लंडनहून आले, तेव्हा तिथल्या नॅशनल गॅलरीतून एका चित्राची प्रिंट घेऊन आले. फिनलंडचे चित्रकार अक्सेली गालेन-काल्लेला, चित्र 'केइतेले सरोवर', साल १९०५. फ्रेम करून हॉलमध्ये लावली आणि तेव्हापासून घरात वाद सुरू आहे.

चित्रात माणूस नाही, होडी नाही. वर बोटभर आकाश, त्याखाली झाडांनी भरलेलं बेट आणि बाकी सगळं पाणीच पाणी. त्या पाण्यावरून चंदेरी-करडे, वाकडेतिकडे पट्टे गेलेत. बेटाचं प्रतिबिंब ते चक्क कापतात. आमचे हे म्हणतात, वाऱ्याने पाणी असंच दिसतं, त्यात अर्थ काय शोधायचा? भाचा म्हणतो, फिनलंड तेव्हा रशियाच्या ताब्यात होता, हे देशभक्तीचं चित्र आहे. सासूबाईंना यातलं कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर चित्रासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथून आत्ताच कुणीतरी गेलंय." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

धरणकाठचा चितारी:

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी चित्र बरोबर वाचलंय.

फिनलंडचं महाकाव्य आहे 'कालेवाला'. एलियास ल्योनरोट यांनी गावोगावची लोकगीतं गोळा करून ते १८३५ मध्ये छापलं. त्याचा नायक वाइनामोइनेन, म्हातारा गायक आणि मांत्रिक. शेवटी तो तांब्याच्या होडीत बसून निघून जातो. आपलं वाद्य आणि गाणी मागे लोकांसाठी ठेवतो. शांत तळ्यावर असे पट्टे उमटले की वाइनामोइनेन वल्हवत गेला, ही त्याच्या होडीची वाट, असं तिकडे म्हणतात. गालेन-काल्लेला यांनी आधी याच काव्यातले प्रसंग माणसांसकट रंगवले होते. इथे माणूस काढून टाकला, वाट तेवढी ठेवली.

पण तुमच्या यजमानांचंही खरं आहे. मी बरीच वर्षं रविवारी पहाटे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जलरंगात काम करायला जातो. सूर्य वर यायच्या आधी पाणी आरशासारखं असतं, समोरचा डोंगर त्यात जसाच्या तसा उतरतो. मग वाऱ्याची एक झुळूक येते, ती सगळीकडे नाही, एका पट्ट्यातच. तेवढ्या पाण्याला काटा येतो. काटा आलेलं पाणी डोंगर दाखवत नाही, वरचं आभाळ दाखवतं, कारण प्रत्येक लहान लाट आपल्याकडे थोडी कललेली असते. म्हणून हिरव्याकाळ्या प्रतिबिंबातून फिकट रुपेरी पट्टा जातो. पहिल्यांदा रंगवला तेव्हा मी तो पांढऱ्या रंगाने वरून ओढला आणि कागद मेला. तिथे कागद कोराच राखावा लागतो, आणि आजूबाजूचं पाणी गडद करत जायचं.

आता प्रिंटजवळ जा आणि वरची आकाशाची पट्टी कागदाने झाका. खाली काय आहे ते लगेच कळत नाही. पाणी, की विणलेलं कापड? इतकं सपाट, कोरल्यासारखं त्यांनी ते मुद्दाम केलंय. या दृश्याच्या चार आवृत्त्या आहेत. सुरुवातीची जास्त निसर्गासारखी, गॅलरीतली जास्त आखीव. मलेरियातून उठत असताना ते त्या सरोवराकाठी राहिले होते. तेच पाणी पुन्हा पुन्हा बघत.

इतिहासवाचक:

भाच्याच्या बाजूने थोडं. फिनलंड १८०९ पासून रशियन साम्राज्यात. रशियाच्या झारच्या १८९९ च्या जाहीरनाम्याने त्यांची स्वायत्तता आवळायला सुरुवात झाली, १९०५ मध्ये मोठा संप झाला, स्वातंत्र्य मिळालं १९१७ च्या डिसेंबरमध्ये. अशा काळात स्वतःच्या काव्यातला नायक स्वतःच्या तळ्यावर दाखवणं याला राजकीय अर्थ होताच. शिवाय 'कालेवाला'तला वाइनामोइनेन जाताना सांगून जातो की माझी पुन्हा गरज पडेल.

धरणकाठचा चितारी:

मान्य. फक्त अर्थ एकच धरून बाकीचे सोडू नका, एवढंच माझं म्हणणं. आपण नाशिककर आहोत, आपल्याला हे अवघड जाऊ नये. रामकुंडावर उभं राहिलं तर समोर गोदेचं पाणी असतं, भाविक असतात, दशक्रिया चाललेली असते. राम आत उभा नसतो. तरी इथे रामाने स्नान केलं हे बाहेरगावच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून ते पाणी खोटं होत नाही, आणि पाणी खरं आहे म्हणून रामही जात नाही. केइतेलेचा पट्टा वारा आहे आणि वाइनामोइनेनची वाटही आहे. त्यातलं एक निवडलं की उरलेलं अर्धं चित्र भिंतीवरून उतरवल्यासारखं होईल.

(बाजारातल्या स्वस्त प्रिंटमध्ये हे करडे पट्टे कधी कधी निळे छापून येतात. तुमची गॅलरीतली आहे, जपा. थेट उन्हात लावू नका.)

गंगापूररोडकर:

काका, खूप आभार. कागद लावून बघितलं. ह्यांनीच धरला होता, आणि पहिल्यांदा दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

रविवारी पहाटे सासूबाईंना घेऊन धरणावर गेलो. थंडी होती, त्यांनी शाल डोक्यावरून घेतली होती. साडेसहाच्या सुमारास पलीकडच्या काठाकडून एक पट्टा निघाला आणि तिरपा होत आमच्या बाजूला आला. सासूबाईंनी हात जोडले. घरी आल्यावर मी प्रिंट खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीवर लावली, त्यांच्या पलंगावरून दिसेल अशी.