मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमध्ये दोघांनीच हरणाची शिकार – सावज पडल्यावर पुढे काय?

मंडळी,

मॅडिसनला राहतो. गेल्या वर्षी मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र पहिल्यांदाच बंदुकीच्या सीझनला व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला गेलो. गाइड नाही, ओळखीचं शेत नाही. ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या आजोबांची चाळीस-चाळीस एकर रानं आहेत. आमचे आजोबा पडले करवीर तालुक्यातले. म्हणून सरकारी जंगल गाठलं: जॅक्सन काउंटीतलं ब्लॅक रिव्हर स्टेट फॉरेस्ट, साधारण ६८,००० एकर, आय-९४ महामार्गाने दोनेक तासांवर.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सीझन उघडतो आणि नऊ दिवस चालतो, हे इथल्यांना ठाऊकच असेल. पहाटे पाचला पार्किंगला पोचलो तर अकरा पिकअप आधीच उभ्या. अंधारात चारशे यार्ड चालून एका ओंडक्यापाशी बसलो. उजाडल्यावर पाहतो तो चहूबाजूंनी शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या. जत्रेला आल्यासारखं वाटलं. दोन दिवसांत चार हरणं पाहिली, चारही मागून. पांढरी शेपटी वर, आणि गायब.

खरी गोष्ट तिसऱ्या दिवसाची. संध्याकाळी चारच्या सुमारास साठ यार्डांवर एक मोठी मादी येऊन उभी राहिली. माझ्याकडे मादीचं, पब्लिक-ॲक्सेस (म्हणजे सर्वांना खुल्या) जमिनीचं परमिट होतं. रायफल (थ्री-ओ-एट) खांद्याला लागलेली, मागे मातीचा चढ, सगळं बरोबर. बोट ट्रिगरवर गेलंच नाही. नेम चुकेल म्हणून नव्हे, लागला तर पुढे काय करायचं या विचाराने! अर्ध्या तासात अंधार, गाडी मैलभर लांब, आणि दोघांपैकी एकानेही आयुष्यात कोंबडीसुद्धा साफ केलेली नाही. गावाकडे जत्रेचा बोकड सोलताना पाहिलाय, पण सुरी नेहमी दुसऱ्याच्या हातात. मादी दोन मिनिटं थांबली, शेपटी हलवली आणि चालती झाली.

यंदा पुन्हा जायचंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स दोघांचाही झालाय (१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचा आहे). तर सांगा:

मला ग्रीन कार्ड आहे, मित्र एच-वन-बीवर. कुणीतरी त्याला सांगितलं की बंदुकीला हात लावलास तर व्हिसा गेला. म्हणून गेल्या वर्षी तो नुसती दुर्बीण घेऊन बसला होता. यात तथ्य किती?

गर्दी टाळून बसायचं कुठे?

आणि मुख्य म्हणजे, हरीण पडल्यापासून ते फ्रीझरमध्ये जाईपर्यंत काय काय करायचं? यूट्यूबवर सगळे दहा मिनिटांत हसत हसत करतात. मला भीती वाटते.

शिकार करावी की नाही यावर वेगळा धागा काढावा ही नम्र विनंती.

---

कागदीघोडा:
व्हिसाचं तेवढं सांगतो. घाबरवणारा अर्धा बरोबर आहे. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. 'बाळगणे' म्हणजे विकत घेणेच नव्हे, मित्राची रायफल हातात धरणंही त्यात येऊ शकतं. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: कुठल्याही राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स असेल तर ही बंदी लागू होत नाही.

म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी लायसन्स (विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला बंदुकीच्या डिअर सीझनचं २४ डॉलरला मिळतं), मग रायफल. सरावाला नेमबाजीच्या रेंजवर नेण्याआधीसुद्धा. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. छापील प्रत खिशात ठेवा. मी वकील नाही. त्याची ग्रीन कार्डची फाइल चालू असेल तर एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारूनच घ्या.

पिठलंभाकरी:
विनंती वाचली, तरी राहवत नाही. चिकन मिळत नाही का तिथे?

धागाकर्ता:
मिळतं. रोज तेच खातो, आणि ती कोंबडी कुणी मारली हे कधी विचारत नाही. म्हणूनच हा खटाटोप. पुढचं वेगळ्या धाग्यावर बोलू.

रानवाट:
ओ क्लेअरजवळ राहतो, चौदा सीझन झाले. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या त्या चार शेपट्या. वारा पाठीवर घेऊन बसला असणार. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण नाकापुढे काही चालत नाही. वारा तोंडावर किंवा गालावर हवा, आणि तो फिरला तर आळस न करता जागा बदलायची. टाल्कम पावडरची छोटी बाटली जवळ ठेवा, चिमूटभर उडवली की कळतं.

गर्दीचं म्हणाल तर नकाशावर 'मॅनेज्ड फॉरेस्ट लॉ'च्या ओपन जमिनी शोधा. खासगी जंगलं आहेत; मालकाला करात सवलत मिळते, त्या बदल्यात शिकारीला वाट खुली ठेवावी लागते. परवानगी मागायची नाही, पायी जायचं. तुमचं पब्लिक-ॲक्सेसचं मादीचं परमिट तिथे चालतं. पुष्कळांना या जमिनी माहीतच नसतात, किंवा दुसऱ्याच्या रानात शिरल्यासारखं वाटतं म्हणून जात नाहीत. पण हद्द नीट बघा. जखमी हरीण शेजारच्या बंद जमिनीत गेलं तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

स्टेट फॉरेस्टमध्येच जायचं असेल तर पाणथळ ओलांडून पलीकडे जा. गुडघाभर चिखल असला की दहातले आठ जण माघारी फिरतात. ऑक्टोबरात एक चक्कर मारा. अंगठ्याएवढ्या जाडीच्या झाडांची साल शिंगांनी सोललेली दिसेल, जमीन खुरांनी उकरलेली दिसेल. बंदुकीचा सीझन येईपर्यंत नरांचा माज बराचसा ओसरलेला असतो, त्यामुळे त्या खुणांवर नराची वाट बघत बसण्यापेक्षा खाण्याची आणि झोपण्याची जागा यांच्यामधली वाट धरा. मचाण न्यायचं असेल तर महामार्ग ६४ च्या दक्षिणेला सरकारी जमिनीवर ते रोज उतरवून न्यावं लागतं. ब्लॅक रिव्हर दक्षिणेलाच येतं. मी म्हणेन पहिली दोन वर्षं जमिनीवरच बसा. गोळीपेक्षा मचाणावरून पडून लोक जास्त मोडतात. आणि त्याच भागात २०१५ पासून केंटकीहून आणलेले एल्क (हरणाचीच, पण खूप मोठी जात) सोडलेत. आकारात फार फरक आहे, पण पहाटेच्या धुक्यात आणि धडधडत्या छातीत माणसाला काहीही दिसतं.

आता तुमची भीती.

गोळी पुढच्या पायामागे, छातीत. हरीण पडलं किंवा पळालं तरी अर्धा तास जागचे हलू नका. हा अर्धा तास फार मोठा असतो, पण लगेच मागे लागलात तर ते उठून मैलभर जाईल. मग रक्त पाहा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, जवळच सापडेल. काळपट असेल तर यकृत, आणखी थांबा. हिरवट आणि घाण वास असेल तर पोटात लागलंय; मग काही तास सोडून द्यायचं आणि स्वतःला शिव्या घालायच्या.

सापडलं की मागून काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर रायफल रिकामी करून बाजूला ठेवा. लांब हातमोजे, डोक्याला दिवा. उताणं करायचं, मित्राने मागचे पाय फाकवून धरायचे. बोकड सोलताना पाहिलाय म्हणता, तर अर्धं शिक्षण झालंय. इथे टांगण्याआधी जमिनीवरच पोट रिकामं करायचं, एवढाच फरक. छातीच्या हाडाखाली कातडी चिमटीत उचलून छोटा छेद द्या. दोन बोटं आत घाला आणि त्यांच्यामध्ये सुरीची धार वर ठेवून मागे न्या. धार खाली गेली की कोथळा फुटतो, आणि तो वास मांसाला लागला की तुमच्या घरात पुन्हा कुणी हरीण शिजवू देणार नाही. गुदद्वाराभोवती गोल कापून सोडवा, मूत्राशयाला धक्का नको. छाती आणि पोट यांमधला पडदा दोन्ही बाजूंनी कापा, हात कोपरापर्यंत आत घालून श्वासनलिका तोडा आणि खाली ओढा. सगळं एकत्र येतं. मग पालथं करून रक्त निथळू द्या. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल. लागू दे.

मोठी मादी पोट साफ केल्यावरही ४५-५० किलो भरते. मुलांची बर्फातली प्लॅस्टिकची घसरगाडी न्या, त्यावर ओढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवर किंवा ऑनलाइन हरणाची नोंदणी करावीच लागते, फोनला रेंज आली की तिथेच करून टाका.

सुगरण_मिल्वॉकी:
एक राहिलं. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज). हरणांचा मेंदूचा रोग, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तपासणी करून घ्यावी आणि रोग निघाला तर ते मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तपासणी फुकट आहे. डोकं, मानेचा पाचेक इंचांचा भाग ठेवून, तपासणीसाठी नमुने जमा करायच्या किऑस्कवर द्यायचं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, पाकिटांवर खूण करून. आणि निकाल काहीही येवो, भेजा आणि मणक्यातली मज्जा आपल्याकडच्यासारखी खायची नाही.

मांसाला चरबी जवळजवळ नसते. मटणासारखं समजून नुसतं परतलंत तर चामडं होईल. पाठीचा मऊ भाग मीठ-मिरी लावून दोन मिनिटं. मांडीचा खिमा. नळ्यांचा तांबडा रस्सा कुकरला नाही, मंद आचेवर तीन तास, आणि तेल मटणापेक्षा दीडपट.

धागाकर्ता:
रानवाट दादा, ताई, कागदीघोडा, मनापासून आभार. मित्राला धागा दाखवला, तो आजच लायसन्स काढतोय. पोट साफ करायच्या भागापर्यंत वाचून तो म्हणाला, "गोळी मी घालतो, हात तू घाल." नाणं उडवायचं ठरलंय.

पुढच्या रविवारी त्या ओपन जमिनी पायी बघून येतो. घसरगाडी घरात आहे, मुलीची. तिला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न. ओढायला दोर किती लांब घेऊ?

रानवाट:
दहा-बारा फूट, आणि टोकाला आडवी काठी बांधा, नाहीतर हाताला वळ उठतील. मुलीसाठी नवी घसरगाडी घ्या.