शब्दचर्चा: ‘प्रतिसादावे’ हा शब्द आहे का?

सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: ‘गच्चीच्या गळतीबाबत सर्वांनी उद्यापर्यंत प्रतिसादावे.’ लगेच एका काकांनी टोकलं, ‘असा शब्द नाही. प्रतिसाद द्यावा, असं लिहा.’ गळती राहिली बाजूला आणि दिवसभर व्याकरण गळत राहिलं. नामाला सरळ ‘णे’ लावून क्रियापद करणं चूक आहे का? मलाही तो शब्द खटकला, पण का खटकला ते सांगता येईना.

—

चूक मुळीच नाही. याला नामधातू म्हणतात आणि ही सोय फार जुनी आहे. संस्कृतात ‘पुत्रीयति’, म्हणजे स्वतःला मुलगा व्हावा अशी इच्छा करतो. पाणिनीने त्यासाठी सूत्रच दिलंय (3.1.8). मराठीत हात-हाताळणे, डोकं-डोकावणे, राग-रागावणे, फेस-फेसाळणे, लाथ-लाथाडणे. हे शब्द उच्चारताना कुणाची जीभ अडखळते का? ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके 1212 मध्ये, ‘हें शब्देंवीण संवादिजे’ आहे. ‘संवाद साधावा’ असं दुरुस्त करून बघा, ओवी जागच्या जागी बसकण मारेल.

परक्या शब्दांनाही मराठीने असंच कामाला लावलं. खर्च, बदल, शरम हे अरबी-फारसीतून आले आणि खर्चणे, बदलणे, शरमणे होऊन गेले. तेव्हा ‘गुगलून बघ’ म्हणणाऱ्या पोरांवर डोळे वटारण्यात अर्थ नाही.

—

मग काहीही चालेल? उद्या ‘मी चहालो, मग बसलो आणि ऑफिसलो’?

—

‘बसलो’ तर आत्ताही चालतंय की, फक्त ते बस या वाहनापासून झालेलं नाही!

—

चालेल की नाही हे जन्मावरून ठरत नाही, असं मला वाटतं. मी दोन गोष्टी बघतो.

पहिली, ‘करणे-देणे-येणे’ लावून जे सांगता येत नाही ते नवं क्रियापद सांगतं का? ‘डोळ्यांत पाणी आलं’ आणि ‘डोळे पाणावले’ यांत फरक आहे. पाणावलेल्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही. ‘डोकावणे’ म्हणजे नुसतं डोकं आत घालणं नव्हे. त्यात चोरटेपणा आहे, लगेच मागे फिरणं आहे. ‘प्रतिसादणे’ मात्र ‘प्रतिसाद देणे’ याहून काही वेगळं सांगत नाही, फक्त एक शब्द वाचवतं.

दुसरी, भूतकाळ करून बघा. तुम्हाला ते का खटकलं याचं उत्तर बहुधा इथे सापडेल. ‘मी प्रतिसादलो’ म्हणायचं की ‘मी प्रतिसादलं’? क्रियापद सकर्मक की अकर्मक हे कानाला ठरवता येत नाही. ‘हाताळलं’, ‘रागावलो’ म्हणताना असा प्रश्न पडत नाही. (‘रागावणे’ तसं चमत्कारिकच आहे. ‘आई मला रागावली’ यात ‘मला’ असूनही क्रियापद आईच्याच मागे जातं. पण ते आपल्या अंगवळणी पडलंय.)

या कसोटीवर ‘टंकणे’ मला पक्कं वाटतं. ‘टंकलेखन करणे’ हे लांबलचक प्रकरण टाळायला लोकांनी ते वापरलं, आणि आता टंकलं, टंकतोय, टंकून झालं, टंकवून घेतलं, सगळी रूपं बिनबोभाट होतात.

माझी चार वर्षांची भाची परवा आईला म्हणाली, ‘मला कंगव ना.’ विंचरणे तिला अजून माहीत नाही, पण कंगव्याचं क्रियापद कसं करायचं ते माहीत आहे. तिला दुरुस्त करायचं माझ्या जिवावर आलं.

काकांना सांगा, शब्द आहे, फक्त अजून कच्चा आहे. सूचनेत मीही ‘कळवावे’ एवढंच लिहिलं असतं.

—

धन्यवाद! काकांना कळवलं. ते माझ्यावर रागावले. कर्तरी.