मदत हवी आहे: देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे विम्याचा हप्ता भरायचा नाही का?

सर्वांना जय ख्रिस्त. नगरहून लिहिते आहे. थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

नाताळाच्या दोन आठवडे आधी ह्यांचं एमआयडीसीतलं काम गेलं. 11 वर्षं कंत्राटावरच होते, त्यामुळे हातात फारसं काही आलं नाही. मी घरी ब्लाउज शिवते. त्यातून भाजीपाला आणि बचत गटाचा 2,200 चा हप्ता कसाबसा निघतो. धाकट्याला दमा आहे. मागच्या पावसाळ्यात त्याला 4 दिवस ॲडमिट करावं लागलं, तेव्हा आरोग्य विम्यामुळे निभावलं. ती पॉलिसी येत्या 15 तारखेला संपते. भरायचे आहेत 18,400.

पैशाची ओढाताण आहेच, पण मला विचारायचंय ते वेगळं. ह्यांच्या प्रार्थना संगतीतल्या एका भावांनी सांगितलं, की विमा काढणं म्हणजे परमेश्वरावर अविश्वास. बायबलात रानातल्या इस्राएली लोकांना देव रोज मान्ना नावाचं अन्न द्यायचा, ते साठवलं तर त्यात किडे पडले, तसंच हे. ह्यांना ते पटलंय. म्हणतात, "परमेश्वर पुरवील, हप्ता भरायचा नाही." हे हट्टी माणूस नाहीत हो. पहाटे 5 ला उठून गुडघ्यावर असतात, मुलांची नावं घेऊन रडतात. म्हणूनच माझी जीभ रेटत नाही.

आणि देव पुरवत नाही असं मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू? जानेवारीत एका दिवशी डबे पार रिकामे झाले, आणि संध्याकाळी मंडळीतल्या एक मावशी पायलीभर बाजरी आणि तेलाची पिशवी घेऊन दारात. मी कुणाजवळ एक शब्द बोलले नव्हते. दुष्काळात जिचं पीठ आणि तेल देवाने संपू दिलं नाही, त्या सारफथच्या विधवेची गोष्ट शब्बाथ शाळेत मुलांना इतकी वर्षं सांगत आले, त्या रात्री भाकरी थापताना तीच आठवत होती.

तरी रात्री पोराचा श्वास घरघरायला लागला की मी देव संकटातून राखील असं सांगणारं 91वं स्तोत्र म्हणायला घेते आणि मध्येच मनात हिशेब सुरू होतो. हा अविश्वास आहे का? आणि ह्यांचा विश्वास न दुखावता हे बोलायचं कसं?

केडगावची आजी
पोरी, त्या भावांनी निर्गमाचा 16वा अध्याय अर्ध्यावर सोडला बघ. 20व्या वचनात किडे पडले हे खरं. पण 22 ते 24 वाच. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केला, शब्बाथासाठी ठेवला, आणि त्याला ना दुर्गंधी आली ना किडा लागला. मान्ना तोच, ठेवणंही तेच. पहिल्या वेळी देवाने नको म्हटलं असताना ठेवला होता, दुसऱ्या वेळी त्याच्याच सांगण्यावरून. योसेफाने तर सुकाळाच्या 7 वर्षांत पाचवा हिस्सा कोठारात घातला, पुढच्या दुष्काळात त्यावर मिसर देश जगला.

माझं बालपण केडगावात गेलं, म्हणून रमाबाईंचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेले. उपास म्हणजे काय हे त्यांनी अंगावर काढलं होतं. त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या शाळेला, अमेरिकेतल्या मंडळाने 10 वर्षांच्या मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत संपायच्या आधीच बाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, पुढे सदनाचा खर्च त्यातून निघावा म्हणून. आणि 1896-97 च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतातून शेकडो मुली घेऊन आल्या, त्यांच्या पोटाला घालायचं कुणी कबूल केलेलं नसताना. मला हे दोन्ही एकाच विश्वासाचे हात वाटतात. ज्यांच्या साक्षीने त्यांना धीर दिला, त्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी आयुष्यात 10,000 हून जास्त अनाथ मुलं सांभाळली. कुणा माणसापुढे हात पसरला नाही, पण पै-पैचा हिशेब मात्र लिहून ठेवला.

घरधन्याशी बोलताना एक कर. घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासी माणसाहून वाईट, हे 1 तीमथ्य 5:8 त्याच्या तोंडावर मारू नकोस. काम गेलेल्या माणसाला ते वचन धोंड्यासारखं लागतं. नहेम्या 4:9 दोघं मिळून वाचा. यरुशलेमचा तट बांधणाऱ्यांवर शत्रू टपले होते, तेव्हा त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही ठेवला. मग त्यालाच विचार, आपल्या घराचा पहारा कोणता? उत्तर त्याचं त्याला सापडू दे.

वसईचा विमावाला
ताई, मी कॅथलिक, विम्याच्याच कामात आहे. कामाचं तेवढं सांगतो. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला तारखेनंतर साधारण 30 दिवसांची सवलत असते. तेवढ्यात भरलंत तर जुनी वर्षं धरली जातात. पण मधल्या दिवसांत आजारपण आलं तर त्याचा दावा मिळत नाही. आणि पॉलिसी पुरतीच बंद पडली तर नवी घेताना दम्यासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कंपनीला आजच विचारा, हप्ते पाडून मिळतात का. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. यादीतल्या उपचारांनाच मिळते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटून या.

शांतिसदन
माझे मिस्टर 2021 च्या मे महिन्यात कोविडने गेले. मंडळी 9 दिवस आमच्यासाठी उपास-प्रार्थना करत होती. त्यानंतर वर्षभर मी 91वं स्तोत्र उघडलं नाही. आता उघडते, पण सैतानाने मंदिराच्या शिखरावर "उडी टाक, देव सांभाळील" म्हणत प्रभूपुढे हेच स्तोत्र म्हटलं होतं, आणि प्रभूने उडी मारली नाही, हे मनात ठेवून. मला आधार मिळाला तो दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायातल्या त्या तिघांचा. आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही, असं ते भट्टीच्या तोंडाशी म्हणाले. तुमच्या भीतीला अविश्वास म्हणू नका, ताई. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना प्रभूलाही घाम फुटला होता. रात्री शब्द सुचले नाहीत तर मुलाच्या छातीवर हात ठेवून नुसतं "प्रभू" म्हणा. मी कित्येक महिने तेवढंच म्हणत होते.

धागाकर्ती
आजी, शांतिसदन ताई, दादा, तुमचं सगळं मी दोनदा वाचून काढलं. ताई, तुमचं वाचून खूप रडले.

काल रात्री नहेम्या वाचला. पहाऱ्याचं विचारल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण मी त्या भावाला शब्द दिलाय." तेव्हा कळलं, ह्यांना देवाची नाही, भावापुढे खोटं पडण्याची भीती होती. रविवारी उपासनेनंतर दोघं पाळकसाहेबांशी बोलणार आहोत. कंपनीला फोन केला, तीन महिन्यांचे हप्ते पाडून देतात म्हणाले. पहिल्या हप्त्यातले 1,900 अजून कमी आहेत. लग्नसराईचे 6 ब्लाउज हातात आहेत, 15 च्या आत होतील असं वाटतं.

गुरुवारी सकाळी 10 वाजता ह्यांची सुप्याला मुलाखत आहे. त्या वेळी जमेल त्यांनी प्रार्थना करा. धाकट्याचा श्वास आज बरा आहे.