जगबुडीनंतरचा भयपट, पैसे कमी: नेहमीच्या ठरलेल्या गोष्टींतल्या कोणत्या ठेवाव्यात?

उजाड_रस्ता

पटकथा ८० पानांची आहे. जग कोलमडून तीन वर्षं झाली आहेत, एका घरात चार माणसं तग धरून आहेत आणि बाहेर 'ते' (चावून माणसाला आपल्यासारखं करणारे राक्षस) फिरताहेत. चित्रीकरणाला १६ दिवस, म्हणजे रोज पाच पानं. ज्युनिअर आर्टिस्ट जास्तीत जास्त १०. खरी बंदूक नाही, क्रेन नाही, रस्ता बंद करण्याची परवानगीही नाही.

या प्रकारातलं नेहमीचं सगळं पटकथेत आलंय: रेडिओवरचा संदेश, चावा लपवणारा माणूस, ऐनवेळी सुरू न होणारी गाडी, खिडक्यांना फळ्या ठोकणं, रात्रीचा वेढा आणि शेवटी बाहेरून येणारी, राक्षसांहून वाईट माणसं. यातलं काय ठेवावं, काय काढावं? आणि रिकामं जग, दहा जणांचा जमाव, जखमा, रक्त हे सगळं पडद्यावर स्वस्त न वाटता कसं करायचं?

---

तिसरा_अंक

यातल्या बहुतेक गोष्टी पैशांच्या टंचाईतूनच जन्मल्या आहेत, त्यामुळे लाजायचं कारण नाही. १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये झाला. एक शेतघर, सात-आठ माणसं, आणि बाहेरच्या जगाची सगळी खबर रेडिओ-टीव्हीवरच्या बातम्यांतून. शहर कोसळताना दाखवण्यापेक्षा कोसळल्याची बातमी ऐकवणं कितीतरी स्वस्त, आणि बातमी अर्धवट तुटली की जास्त भीती वाटते. पुढे वितरणाच्या वेळी नाव बदललं तेव्हा पडद्यावरची स्वामित्वहक्काची ओळ गळाली. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तो चित्रपट सार्वजनिक झाला आणि वेढा पडलेल्या घराचा तो साचा सगळ्यांच्या हाती मोकळा आला.

म्हणून प्रत्येक प्रसंगाला विचारा: हा माझा कोणता खर्च वाचवतो आणि बदल्यात प्रेक्षकाला काय देतो? रेडिओ दोन्ही देतो, ठेवा. फक्त संदेश काहीतरी बदलत जाणारा हवा. पान १० ला ध्वनिमुद्रित सूचना लागते. पान ३५ ला तीच सूचना लागते, पण मागे कुणाचा तरी खोकला ऐकू येतो, म्हणजे तिथे जिवंत माणूस आहे. पान ६० ला नुसती खरखर. एवढ्यात एक अख्खं उपकथानक झालं आणि खर्च एका आवाजाचा.

चावा लपवणं हा सगळ्यात घासलेला प्रसंग. पण तो बिघडतो तो जुना असल्यामुळे नाही, वेळेचा नियम मोडल्यामुळे. किरकोळ पात्र चावा बसल्यावर वीस सेकंदांत बदलतं आणि नायकाच्या भावाला रात्रभर भाषणं करायला मिळतात, हे प्रेक्षक लगेच पकडतो. चित्रीकरणाआधी एका पानावर नियम लिहून काढा: त्यांना दिसतं, ऐकू येतं की वास येतो, चालतात की धावतात, दार उघडता येतं का, कशाने थांबतात, चाव्यापासून बदलापर्यंत नेमके किती तास. हे पान दिग्दर्शक, मेकअप, ध्वनी आणि एडिटर या सगळ्यांकडे हवं. बदलाला सहा तास ठरले असतील तर पहिल्या अर्ध्या तासात एकदा ते सहा तास प्रेक्षकाला दाखवून द्या. मग दुसऱ्या वेळी नुसतं घड्याळाकडे पाहिलं तरी पुरतं.

गाडीबद्दल. तीन वर्षं उभी असलेली गाडी सुरू होत नाही, यात ताण काहीच नाही, ते होणारच. बॅटरी काही महिन्यांत उतरते, पेट्रोल साधारण सहा महिन्यांपासून बिघडायला लागतं आणि पुढे त्याचा चिकट थर बसतो, टायर बसके होतात. डिझेल थोडं जास्त टिकतं, पण तीन वर्षं त्यावरही भिस्त ठेवता येत नाही. उलट गाडी झटक्यात सुरू झाली तर जाणकार प्रेक्षक तिथेच सुटला. त्यामुळे किल्ली फिरवण्याचा प्रसंग काढा. गाडी वाहन म्हणून नको, आडोसा म्हणून वापरा: काच वर, आत दोघं, बाहेर ते. 'द बॅटरी' (२०१२) सुमारे ६,००० डॉलरमध्ये झाला आणि त्याचा शेवटाकडचा मोठा भाग दोघं गाडीत अडकलेले, एवढाच आहे.

शेवटच्या भागातली वाईट माणसं. ही स्वस्त पडतात कारण त्यांना मेकअप लागत नाही, म्हणूनच सगळे वापरतात. पण साठाव्या मिनिटाला ती आकाशातून पडल्यासारखी येतात. त्यांची गरज पहिल्या २० पानांत पेरा. तुमच्या चौघांना जे हवंय (पाणी, औषध, झोपायला सुरक्षित जागा) तेच त्यांना हवं असू दे. आणि पहिल्या भेटीत तुमच्याच माणसांकडून एक चूक घडू दे. मग ती टोळी राहत नाही, समोरचं दुसरं घर होतं. हे जमत नसेल तर तो भाग सरळ कापा. ८० पानांतली १५ गेली तर तुमचे तीन दिवस मोकळे होतात.

---

काचेमागचा

मी फक्त चित्रावर बोलतो.

रिकामं जग म्हणजे रुंद शॉट असा समज असतो. एका चित्रपटात असे तीन शॉट पुरे, बाकी काम तपशिलाने होतं. '२८ डेज लेटर' (२००२) मध्ये लंडनचे ओस रस्ते पहाटे, वाहतूक थोडा थोडा वेळ थांबवून आणि लहान डिजिटल कॅमेरे पटापट मांडून टिपले गेले. तुमच्याकडे वाहतूक थांबवायची सोय नाही, म्हणून उजाडल्यानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास धरा, कॅमेरा आदल्या दिवशी ठरवलेल्या जागीच लावा आणि रेकी (जागेची आधीची पाहणी) त्याच वाराला, त्याच वेळेला करा. रविवारची पहाट आणि मंगळवारची पहाट यांत फार फरक असतो.

फ्रेममध्ये या गोष्टी हमखास राहून जातात: पेटलेले पथदिवे, उपकरणांवरचे लाल-हिरवे ठिपके, चालू एसीचं फिरणारं पातं, आकाशात विमानाची पांढरी रेघ, ओल्या मातीवर ताजे टायरचे वण, नुकतं कापलेलं गवत, लखलखीत काच. काचेवर मुलतानी माती पाण्यात कालवून पातळ हात द्या, वाळली की फडक्याने मधेच पुसा. हवेत उडवायची असेल तर सगळ्यांना मास्क, आणि लेन्स बदलायचं काम दुसऱ्या खोलीत.

दहा जणांचे पन्नास करायचे तर दोन वाटा.

पहिली, लांब लेन्स. ८५ ते १३५ मिमी, पुढे तिघं फोकसबाहेर, मधे चौघं, मागे तिघं. अंतर दबतं आणि गर्दी दाट वाटते. वेढ्याचे ऐंशी टक्के शॉट यातच काढा.

दुसरी, एकाच चौकटीचे तुकडे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), फोकस सगळं मॅन्युअल. तेच दहा जण पाच वेगळ्या जागी उभे करून पाच टेक घ्या, मागच्या रांगेपासून पुढे या, शेवटी एक टेक रिकाम्या जागेचा. एडिटमध्ये मास्क लावून, म्हणजे प्रत्येक टेकचा हवा तेवढाच भाग ठेवून, जोडा. दोन गटांच्या सावल्या एकमेकांवर पडल्या की जोड फुटतो. उन्हात हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपा, नाहीतर सावल्या सरकतात. प्रत्येक टेकला शर्ट किंवा ओढणी अदलाबदल करा. असा शॉट एकच ठेवा, चार सेकंदांचा.

चालणारे स्वस्त की धावणारे? चालणाऱ्यांना संख्या आणि अरुंद जागा लागते. धावणाऱ्यांना माणसं कमी लागतात, पण पडापडी होते, स्टंटची तयारी लागते आणि पाय मुरगळला की दिवस गेला. दहा जण आणि एक घर असेल तर चालणारेच घ्या. झटकेबाज हालचाल हवी तर २५ फ्रेमला नेहमीच्या १/५० ऐवजी १/२०० शटर. दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि विजेच्या दिव्याखाली पट्टे येऊ शकतात, आधी तपासून घ्या.

---

उजाड_रस्ता

नियमांचं पान आजच लिहायला घेतो. एक अडचण: ८० पैकी ३० पानं रात्रीची आहेत आणि त्यातली दहा घराबाहेर. दिवसा काढून रात्र दाखवणं खरंच चालतं का?

---

काचेमागचा

बाहेरच्या दहांपैकी सहा पानांना चालेल. सूर्य पात्रांच्या मागे ठेवा म्हणजे खांद्यावर चांदण्यासारखी कड येते. व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवला की उन्हाचा रंग निळसर होतो. एक ते दीड स्टॉप कमी घ्या आणि उरलेला काळोख ग्रेडिंगमध्ये (नंतर रंग-उजेड जुळवताना) आणा. कॅमेऱ्यातच फार खाली नेलंत तर सावल्यांत रवाळ ठिपके दिसतात आणि परत येता येत नाही. आकाश चौकटीत नको. ढगाळ दिवशी हे करूच नका, सगळं सपाट राखाडी येतं.

टॉर्च, मशाल किंवा उजळलेली खिडकी दिसणारी पानं मात्र खऱ्या संधिप्रकाशात घ्या. दिवसाच्या उजेडात ते दिवे मेल्यासारखे दिसतात. संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांचा, म्हणजे दिवसाला एकच शॉट, फार तर दोन.

आतल्या रात्रीसाठी: पात्राच्या हातातली टॉर्च हाच दिवा. समोर चौकटीबाहेर पांढरा थर्माकोल धरला की तिचाच उजेड चेहऱ्यावर परततो. बऱ्याच एलईडी टॉर्च मंद केल्यावर लुकलुकतात, पूर्ण तेजावर ठेवा आणि काचेवर ट्रेसिंग पेपर लावा.

फळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. भाड्याच्या घराच्या चौकटीत खिळे ठोकू नका. प्लायवूडची खोटी चौकट करून ती पुढे स्क्रूने उभी करा. दोन फळ्यांत चार-पाच बोटांची फट ठेवा, तिथून हातही आत येतो आणि उजेडाची तिरीपही. जी फळी मोडायची ती मागून दोन-तृतीयांश करवतून ठेवा आणि तशाच तीन तयार ठेवा. खिडकीची खरी काच फोडायची नाही, कुठल्याही कारणाने नाही. काच फुटल्याचा आवाज आणि खाली पडलेले प्लास्टिकचे तुकडे एवढ्यावर काम होतं.

---

जखम_आणि_मेण

दहा जणांना सारखा मेकअप करू नका. तीन थर पाडा. दोघं जवळच्या शॉटचे, त्यांना दीड-दोन तास. तिघं मधले, वीस मिनिटं: फिका चेहरा, डोळ्याखाली जांभळट-तपकिरी, ओठ कोरडे. बाकी पाच मागचे: माती, कपडे, खांद्याची ठेवण. मागच्यांवर लेटेक्स (खोट्या जखमांचं द्रव रबर) वाया घालवणं हीच सगळ्यात मोठी गळती.

रक्त: ग्लुकोज सिरप एक कप, पाणी दोन मोठे चमचे, लाल खाद्यरंग दोन लहान चमचे, निळा दोन-तीन थेंब, कोको पावडर एक लहान चमचा. कोको आधी त्याच पाण्यात कोमट करून कालवा, नाहीतर गुठळ्या राहतात. कोको नसला तर रक्त सरबतासारखं पारदर्शक दिसतं. कपड्यावर लावायच्या बाटलीत थोडा भांडी घासायचा द्रव घातला तर डाग सुटायला मदत होते, पण ती बाटली तोंडापासून दूर आणि वेगळी खूण केलेली हवी. खाद्यरंग कातडीला दोन दिवस धरतो, आधी क्रीमचा हात द्या. आणि कॅमेरा टेस्ट त्याच दिव्याखाली करा: निळ्या उजेडात हेच रक्त काळं दिसतं, तिथे थोडं उजळ लाल लागतं. १९६८च्या त्या चित्रपटात चॉकलेट सिरप चाललं ते कृष्णधवल होता म्हणून.

जखम: लिक्विड लेटेक्स आणि एकपदरी टिश्यू, तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. घाईत जाड थर दिला की वरून वाळतो, आत ओला राहतो आणि तिसऱ्या टेकला सोलून निघतो. भुवया आणि हातावरच्या केसांना व्हॅसलिन. २४ तास आधी मनगटावर चाचणी प्रत्येकाची, कारण लेटेक्सची ॲलर्जी गंभीर असू शकते, आणि त्यातल्या अमोनियामुळे डोळ्यांजवळ अजिबात नाही. तिथे जिलेटिन: पूड, ग्लिसरीन, पाणी समप्रमाणात. लावण्याआधी स्वतःच्या मनगटावर गरमपणा बघा. घामात आणि उन्हात हे वितळतं, म्हणून आतल्या प्रसंगांनाच.

खरं सांगायचं तर या चित्रपटांत माझा विश्वास राक्षसांमुळे उडत नाही, जिवंत माणसांमुळे उडतो. तीन वर्षं झालीत आणि भुवया कोरलेल्या, दात शुभ्र, शर्टाला इस्त्रीची घडी. केस घरच्या कात्रीने कापल्यासारखे वेडेवाकडे करा, नखांत माती, ओठांच्या कडा फुटलेल्या. कपडे कोपर, गुडघे, कॉलर इथेच झिजतात. तिथे पॉलिश पेपर आणि खिसणी फिरवा, मग चहाच्या पाण्यात बुडवा. अंगभर सारखी माती फासली की ती वेशभूषा वाटते. प्रत्येक महत्त्वाच्या पात्राच्या शर्टाचे तीन जोड हवेत: आधीचा, रक्त लागलेला, शेवटचा. पटकथेतल्या दिवसांप्रमाणे फोटो काढून चिकटवा, कारण पान ७० पान ३० च्या आधी चित्रित होणार आहे.

---

खर्ज

चित्रावर एवढा जीव टाकलात आणि ध्वनी कॅमेऱ्यावरच्या माइकवर सोडलात तर सगळं गेलं. वेढ्याचा प्रसंग नव्वद टक्के कानाने घडतो. 'पॉन्टिपूल' (२००८) जवळजवळ पूर्ण एका रेडिओ स्टेशनच्या आत घडतो, आणि बाहेरचा हलकल्लोळ फोनवरच्या आवाजांतून येतो.

ओसाड जग म्हणजे शांतता नव्हे. माणसं गेली की जातो तो यंत्रांचा घुमघुमाट: वाहतूक, ट्रान्सफॉर्मर, पंप. पक्षी, किडे, वारा, सुटलेला पत्रा हे राहतं, किंबहुना वाढतं. नेमका तो घुमघुमाटच तुमच्या लोकेशनच्या ट्रॅकवर असणार. ८० हर्ट्झखालचा खर्ज कापला तर तो थोडा जातो, सगळा नाही. म्हणून बाहेरच्या प्रसंगांतले संवाद कमीत कमी ठेवा आणि प्रत्येक जागेची ६० सेकंदांची नुसती हवा (कुणी न बोलता त्या जागेचा आवाज) मुद्रित करा, सगळ्यांना जागच्या जागी उभं करून. ती नसली की एडिटमध्ये प्रत्येक कापावर भोक पडतं.

'त्यांचा' आवाज तीन अंतरांसाठी तीन वेगळा हवा: लांबून, दाराआडून, कानाशी. माणसाचा आत ओढलेला श्वास ९६ किलोहर्ट्झवर मुद्रित करून निम्म्या वेगाने वाजवा, सूर एक सप्तक खाली येतो आणि वरचा बारीक खरखरीतपणा टिकतो. त्याखाली ओल्या फडक्याची पिळवटण. हाडं मोडल्याच्या आवाजासाठी सेलरी या करकरीत भाजीचे देठ. एकाच वेळी दोनपेक्षा जास्त थर नकोत. सगळे ओरडत असले की कुणीच जवळ नसतं.

रेडिओवरचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये बांधा, मग तो एका लहान स्पीकरवर खोलीतच वाजवून पुन्हा मुद्रित करा. तिसऱ्या_अंकाने सांगितलेला खोकला मात्र आधीच, त्याच माइकवर, बोलणाऱ्याच्या मागे दोन मीटरवरून घ्या. नंतर चिकटवला तर तो खोलीतल्याच कुणाचा तरी वाटेल आणि पान ३५ फुकट जाईल.

खिळे ठोकण्याच्या प्रसंगात हातोडीवर कापड गुंडाळा, ठोके नंतर घाला. संवाद वाचतात, आणि ठोके किती लांबपर्यंत ऐकू जातात हे ठरवणं तुमच्या हातात राहतं. 'त्यांना' ऐकू येतं असा नियम लिहिला असेल तर फळ्या ठोकणं हाच तुमच्या घराचा पहिला धोका आहे. तो प्रसंग वेढ्याच्या बराच आधी आणा.