पंपघरातला फुगलेला कॅन

ए-३०४: सचिवसाहेब, पंपघरात पिण्याच्या पाण्याच्या जारशेजारी हायड्रोजन पेरॉक्साइडचा पाच लिटरचा कॅन ठेवलेला असून त्याचे लेबल निघून गेले आहे. आज वॉचमनमामा त्यातून तांब्या भरून घेणार होते. कॅन जड लागला म्हणून थांबले.

सचिव: वहिनी, आपली काळजी रास्त आहे. पुरानंतर तळटाकी धुतली, त्यातले ते उरलेले द्रावण आहे. शेवटी ते पाणीच, फक्त एक ऑक्सिजन जास्त.

बी-१०१: त्या कॅनचे बिल अद्याप ग्रुपवर आलेले नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

सी-२०२ (सर): ‘फक्त’ या शब्दाला माझी हरकत आहे. पाण्याच्या रेणूत एकाच ऑक्सिजनला दोन हायड्रोजन १०४.५ अंशांच्या कोनात जोडलेले असतात. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात. अर्धवट उघडलेली वही डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तिच्या शिवणीवर दोन्ही ऑक्सिजन आणि दोन पानांवर एकेक हायड्रोजन दिसेल. वायुरूपात त्या पानांमधला कोन सुमारे १११.५ अंश असतो, स्फटिकात तो ९० अंशांजवळ येतो. ऑक्सिजन-ऑक्सिजन हा बंध मुळात कच्चा असल्यामुळे पेरॉक्साइडचे सावकाश पाणी होत जाते आणि ऑक्सिजन वायू सुटतो.

ए-३०४: म्हणूनच कॅन फुगला आहे का?

सी-२०२ (सर): होय. ऊन, धूळ आणि गंज यांनी हा वेग वाढतो आणि आपल्या पंपघरात तिन्हींची ददात नाही.

बी-१०१: बिल.

सी-४०३: मग फ्रीजरमध्ये ठेवून पाहू, गोठेल ते पाणी!

सी-२०२ (सर): विनोदाने का होईना, प्रश्न चांगला आहे. शुद्ध पेरॉक्साइड उणे ०.४३ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणजे पाण्याशी अर्ध्या अंशाचाही फरक नाही; परंतु ३० टक्क्यांचे द्रावण उणे २५ अंशांच्या आसपास गोठत असल्याने घरच्या फ्रीजरमध्ये ते द्रवच राहील. तरीही ते मटारशेजारी ठेवू नये. शुद्ध पेरॉक्साइडची घनता १.४४ आणि या द्रावणाची सुमारे १.११ असल्यामुळे भरलेल्या कॅनमधला द्रव साडेपाच किलोंच्या वर जातो, आणि मामांच्या हाताला तेच कळले. उकळून पाहण्याचा मोह मात्र कोणी धरू नये: त्याचा १५० अंशांचा उत्कलनबिंदू अंदाजाने काढलेला आहे, कारण तिथवर तापवताना त्याचा स्फोट होऊ शकतो.

सचिव: सर, निवृत्तीनंतरही आपले अध्यापन चालू आहे, याचा आनंद वाटतो, पण कॅन आला तेव्हा आपणही हजर होता.

सी-२०२ (सर): हजर होतो, म्हणूनच जखमेवर लावतात ते ३ टक्क्यांचे असते आणि हे ३० टक्क्यांचे आहे, असे तेव्हाच सांगितले होते. इतिवृत्त पाहावे.

सचिव: विषय वाढवू नये, ही विनंती. हातमोजे व चष्मा घालून झाकण हळूहळू सैल करतो आणि कॅन आजच सावलीत वेगळा ठेवून त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहितो.

बी-१०१: हातमोज्यांचे बिलही सोबत जोडावे.