मदत हवी आहे: यीस्टच्या पेशीचक्राचं बूलियन मॉडेल, असिंक्रोनस अपडेटला अडकलंय

नमस्कार मंडळी. मी मुंबईत एमएस्सी करतेय. प्रोजेक्टसाठी बडिंग यीस्टच्या पेशीचक्राचं २००४ सालचं ११ नोडचं बूलियन मॉडेल पायथॉनमध्ये लिहिलंय (नोड म्हणजे प्रथिनं किंवा त्यांचे गट, प्रत्येक फक्त चालू किंवा बंद). सगळे नोड एकदम अपडेट केले की सगळं चोख: २०४८ अवस्था, ७ स्थिर बिंदू (जिथे पोचल्यावर काहीच बदलत नाही) आणि त्यातल्या जी१च्या, म्हणजे विभाजनाआधी थांबलेल्या पेशीच्या, पदरात १७६४ अवस्था.

घोडं अडलंय ते असिंक्रोनसमध्ये, म्हणजे नोड एकेक करून अपडेट करताना. सुरुवातीला सीएलएन३, एसआयसी१ आणि सीडीएच१ एवढेच नोड चालू. एका वेळी एकच नोड निवडायचा म्हटलं, आणि सीएलएन३ ज्यांना चालू करतो त्या एसबीएफ-एमबीएफच्या आधी त्याचाच नंबर लागला, तर तो स्वतःहून विझतो. पेशी परत जी१मध्ये, विभाजन नाहीच! खरी पेशी इतकी विसरभोळी नसणार.

अशा वेळी सीएलएन३ला काही पावलं चालू ठेवायचं, की प्रत्येक नोडला वेगळा वेग द्यायचा? आणि एकाच अवस्थेतून दोन स्थिर बिंदूंकडे वाटा फुटल्या, तर ती कुणाच्या खात्यात धरायची? संभाव्यतेनुसार वाटून टाकलं तर परीक्षकांना चालतं का? गाइड म्हणतात, ‘तूच ठरव’ (धन्य ते गाइड).

बूलनेट किंवा जिनसिम (अशा मॉडेलची सॉफ्टवेअर) वापरलेलं कुणी दादर-माटुंगा बाजूला असेल तर संध्याकाळी येऊन भेटेन, चहा माझ्याकडून.